दाखवायचे : नाही

मागच्या भागावर तुमचे बरेच मेसेज आले, उत्तरं देतोय, पण हळूहळू. ऑफिसात सध्या रिलीज आहे, त्यामुळे हे रेकॉर्डिंग रात्री साडेअकराला चाललंय आणि मागे पंखा कुरकुरतोय. वाचणाऱ्यांची त्यातून सुटका आहे.

आज पुस्तकबंदीवर बोलायचंय. विषय ऐकून तुम्हाला वाटेल, आता हा सरकारवर घसरणार, मग झुंडींवर घसरणार. थोडा घसरेनही. पण सुरुवात माझ्यापासून करावी लागेल, कारण मी स्वतः अकरा पुस्तकांवर बंदी घातलेली आहे. कोर्ट नाही, पोलीस नाही, मोर्चा नाही. एका कॉलममध्ये 'हो'च्या जागी 'नाही' लिहून.

आमच्या गावात एक सार्वजनिक वाचनालय आहे. तालुक्याचं गाव, नाव मुद्दाम सांगत नाही. शासनमान्य, 'ब' वर्ग. ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी : महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, त्याखाली गावोगावच्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात आणि वर्गाप्रमाणे अनुदान. ते अनुदान कसं आणि कधी येतं हे एखाद्या ग्रंथपालाला विचारून बघा, मात्र तासभर वेळ काढून जा.

मी सातवीपासून तिथला सभासद. उन्हाळ्याच्या सुट्टीत सकाळी पुस्तक न्यायचं आणि संध्याकाळी परत करायचं असा माझा क्रम होता. ग्रंथपाल ताई म्हणायच्या, "वाचतोस का नुसती पानं मोजतोस रे?" इंजिनिअरिंगला पुण्यात आलो आणि हे सगळं सुटलं. मग लॉकडाऊनमध्ये वर्क फ्रॉम होम म्हणून दीड वर्ष घरी होतो, तेव्हा पुन्हा वाचनालयात जायला लागलो. बघतो तर शोधाशोधीची तीच तऱ्हा. अमुक पुस्तक आहे का? ताई डोळे मिटून आठवणार, मग उठून तिसऱ्या कपाटाकडे जाणार. ताई रजेवर असल्या की चौदा हजार पुस्तकं असून नसल्यासारखी.

म्हणून मी एक छोटं सॉफ्टवेअर करून दिलं. फार काही भारी नाही. दाखल नोंदवह्या होत्या, ती जाडजूड लाल कापडी बांधणीची रजिस्टरं. त्यातल्या नोंदी मी आणि गावातल्या दोन कॉलेजच्या पोरांनी मिळून चार महिने टाइप केल्या. आता सभासद घरबसल्या फोनवरून पुस्तक शोधू शकतो, ते आत आहे की कुणी नेलंय ते दिसतं, नंबर लावता येतो. वार्षिक सभेत शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार झाला. नारळाची आईने बर्फी केली.

त्यानंतर सहा-सात महिन्यांनी मला अध्यक्ष काकांचा फोन आला. म्हणाले, "अरे, एक अडचण आहे. एक पुस्तक यादीत दिसायला नको. तसं करता येतं का?"

तक्रार कुणाची होती, तर माझ्या शाळेतल्या सरांची. आठवी ते दहावी मला गणित त्यांनी शिकवलं. फी न घेता शिकवलं. मी आज जे काही टाइप करून पोट भरतो त्याची सुरुवात सरांच्या ओट्यावर झालेली आहे. एका थोर माणसाबद्दलचं एक पुस्तक त्यांनी वाचायला नेलं होतं आणि त्यातल्या एका पानावर त्यांना जे सापडलं त्याने ते हादरले होते. कुठलं पुस्तक ते मी सांगणार नाही. सांगितलं की सगळी चर्चा त्या पानावर जाते, हे मी दोनदा अनुभवलंय. त्या माणसाचा फोटो सरांच्या देवघरात देवांच्या शेजारी आहे. मी त्यांना भेटायला गेलो तेव्हा बोलता बोलता त्यांचा आवाज फुटला. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण आपण पुस्तकबंदीच्या गप्पा मारताना भावना दुखावल्या हे शब्द हसत हसत उच्चारतो. सरांच्या दुखावल्या होत्या. त्यात नाटक नव्हतं.

सर म्हणाले, "फाडा म्हणत नाही मी. जाळा म्हणत नाही. पण पोरांच्या हाताला लागेल असं ठेवू नका, एवढंच."

आणि मला ते किती समंजस वाटलं! मी त्या रात्री टेबलमध्ये एक कॉलम वाढवला. नाव ठेवलं 'दाखवायचे'. सगळ्या पुस्तकांना आपोआप 'हो'. ज्याला 'नाही' लिहू ते शोधात येणार नाही. वीस मिनिटांचं काम. ताईंच्या लॉगिनला एक बटण दिलं. पुस्तक ऑफिसातल्या लोखंडी कपाटात गेलं. काकांनी फोन करून "शाब्बास" म्हटलं, सरांनी घरी बोलावून चहा पाजला. कुणाचं काही बिघडलं नाही, असं मला वाटलं. मग मी पुण्याला परत आलो आणि विसरून गेलो.

गेल्या दिवाळीत घरी गेलो होतो. माझी चुलतबहीण अकरावीत आहे. तिला कॉलेजात आत्मचरित्रांवर प्रकल्प होता. भाऊबीजेच्या दिवशी ओवाळून झाल्यावर म्हणते, "दादा, तुझ्या ॲपमध्ये बलुतं नाहीये."

म्हटलं, असं कसं? दया पवारांचं 'बलुतं' मी याच वाचनालयातून नेऊन वाचलं होतं. नववीत होतो. सुट्टीत. ज्या गल्लीतून मी रोज सायकल मारायचो तिच्या पलीकडच्या वस्तीत काय असतं हे मला त्या पुस्तकाने सांगितलं, घरात कुणी सांगितलं नव्हतं. ते हरवलं असेल असं समजून मी लॅपटॉप उघडला आणि थेट डेटाबेसमध्ये बघितलं. दाखल क्रमांक होता. प्रत जागेवर होती. दाखवायचे : नाही.

मग मी सगळे 'नाही' काढले. अकरा निघाले.

सरांचं एक. दोन कादंबऱ्या होत्या, त्यात म्हणे चावट वर्णनं होती. दोन बायकांची आत्मचरित्रं. एक धर्मचिकित्सेचं. एक राजकारण्याचं चरित्र, बहुतेक निवडणुकीच्या तोंडावरचं. 'बलुतं', शिव्या आहेत म्हणून. उरलेली तीन का, हे ताईंनाही आठवेना. ताईंना विचारलं तर त्या संकोचून म्हणाल्या, "अरे, कोणीतरी येऊन बोलतं. वाद कशाला? बटण आहेच ना तू दिलेलं." त्यांच्यावर राग काढण्यात अर्थ नव्हता. एकटी बाई, हजारांत मोजायचा पगार, समोर गावातली चार वजनदार माणसं. बटण नसतं तर त्यांना कपाटातून पुस्तक काढून लपवावं लागलं असतं, आणि कुणी मागितलं तर तोंडावर खोटं बोलावं लागलं असतं. ते त्यांना जमलं नसतं. खोटं बोलायचं काम मी सॉफ्टवेअरला लावून दिलं होतं. माझ्या स्क्रीनवर काय मेसेज यायचा माहितीये? "या नावाचे पुस्तक आढळले नाही." लपवलंय असं नव्हे. नाहीच.

पुण्याला येऊन मी हा विषय वाचायला घेतला. वकील नाही मी, त्यामुळे कायद्याचं जेवढं नीट कळलं तेवढंच सांगतो.

आपल्याकडे सरकारला पुस्तक जप्त करता येतं. आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ९५ होतं, जुलै २०२४ पासून नव्या संहितेत ते कलम ९८ झालंय. राज्य सरकारला वाटलं की पुस्तकातला मजकूर गटागटांत वैर लावणारा आहे, किंवा मुद्दाम धार्मिक भावना दुखावणारा आहे, किंवा अश्लील आहे, अशी काही ठरावीक कारणं, तर सरकार अधिसूचना काढून सगळ्या प्रती जप्त झाल्याचं जाहीर करू शकतं. ऑगस्ट २०२५ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये एकदम २५ पुस्तकांवर बंदी आली ती याच कलमाखाली. अधिकार मोठाच आहे. पण या तरतुदींत तीन गोष्टी आहेत. सरकारने आपल्या मताची कारणं लिहायची. ते राजपत्रात जाहीर करायचं. आणि ज्याचा त्या पुस्तकाशी संबंध आहे अशा कुणालाही दोन महिन्यांत हायकोर्टात दाद मागता येते, तिथे तीन न्यायाधीशांनी ते ऐकायचं.

मी माझं टेबल आठवलं. कारणाचा कॉलम नाही. तारखेचा नाही. कुणी सांगितलं त्याचं नाव नाही. लॉग नाही. दाद मागायची सोय तर नाहीच, कारण पुस्तक आहे हेच वाचकाला माहीत नाही. ज्या सरकारी बंदीला आपण नावं ठेवतो तिच्यापेक्षा माझी बंदी कितीतरी पक्की होती. कोड रिव्ह्यूमध्ये दुसऱ्या कुणी असलं काही केलं असतं तर मी त्याला सोडला नसता.

आता जेम्स लेन. मराठी माणूस पुस्तकबंदीवर बोलणार आणि हे प्रकरण टाळणार, असं होऊ शकत नाही. हे घडलं तेव्हा मी पहिलीत असेन, त्यामुळे मला फक्त मोठ्यांच्या बोलण्यातलं नाव आठवतं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना लॉ कॉलेज रोडवरून भांडारकर संस्थेत पहिल्यांदा गेलो, तेव्हा मित्र म्हणाला, "हीच ती, फोडलेली." १९१७ साली स्थापन झालेली संस्था, महाभारताची चिकित्सक आवृत्ती जिने काही दशकं खपून सिद्ध केली, तिची आमच्या पिढीला ओळख ही.

क्रम नीट बघण्यासारखा आहे. लेन हे अमेरिकन प्राध्यापक. त्यांचं शिवाजी महाराजांवरचं इंग्रजी पुस्तक ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने २००३ मध्ये काढलं. त्यात एका ठिकाणी महाराजांच्या जन्माबद्दल एक कुचकट ऐकीव विनोद नोंदवलेला होता. मी तो इथे सांगणार नाही, आणि तो वाचून मलाही राग आला, हेही सांगून टाकतो. पुण्यातल्या इतिहासकारांनी प्रकाशकाला पत्र लिहून निषेध केला आणि नोव्हेंबर २००३ मध्ये प्रकाशकाने भारतातून पुस्तक मागे घेतलं. म्हणजे संपलं की नाही? पुस्तक दुकानात नाही. तरी डिसेंबरमध्ये संस्कृतचे अभ्यासक श्रीकांत बहुलकर यांच्या तोंडाला काळं फासलं गेलं, कारण लेननी मानलेल्या आभारांत त्यांचं नाव होतं. ५ जानेवारी २००४ ला संभाजी ब्रिगेडच्या दीडशेच्या आसपास लोकांनी भांडारकर संस्थेत शिरून तोडफोड केली. कपाटं पाडली, पुस्तकं आणि जुनी हस्तलिखितं विस्कटली. संस्थेचा गुन्हा काय, तर लेन तिथे बसून अभ्यास करत असत. आणि हे सगळं झाल्यावर, जानेवारीच्या मध्यावर, राज्य सरकारने कुणावर बंदी घातली? पुस्तकावर.

यातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. इतिहास संशोधक गजानन मेहेंदळे हे लेनच्या पुस्तकावर आक्षेप घेणाऱ्यांपैकी होते. भांडारकरची बातमी ऐकल्यावर त्यांनी स्वतःच्या शिवचरित्राच्या हस्तलिखिताची पानं फाडून टाकली. आयुष्य घातलेलं काम. एका वाईट वाक्याचा बदला घ्यायला निघालेल्या लोकांमुळे महाराजांवरचं चांगलं लिखाण नष्ट झालं, तेही ज्यांनी लिहिलं त्यांच्याच हातून.

कोर्टात काय झालं ते मात्र मला आधी अजिबात माहीत नव्हतं. डिसेंबर २००६ मध्ये सरकारने नवी अधिसूचना काढली. तिला आव्हान कुणी दिलं? लेखकाने नाही. प्रकाशकाने नाही. संघराज रूपवते हे वकील, माहितीपटवाले आनंद पटवर्धन आणि कार्यकर्त्या कुंदा प्र. नी. या तिघांनी. ना त्यांनी ते पुस्तक लिहिलेलं, ना छापलेलं, ना विकलेलं. 'संबंध असलेली कुणीही व्यक्ती' या शब्दांत ते बसतात, हे कोर्टाने मान्य केलं. २६ एप्रिल २००७ ला मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली आणि ९ जुलै २०१० ला सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. अधिसूचनेतली एक त्रुटी तर आमच्या धंद्यातली वाटली मला. पुस्तकामुळे गटागटांत वैर निर्माण होईल असं म्हटलं होतं, पण कुठल्या गटात आणि कुठल्या गटात, ते लिहिलंच नव्हतं. आमच्याकडे टेस्टर लोक असा बग टाकतात : "ॲप चालत नाही." कुठलं पान, कुठला फोन, काय दाबलं, काही नाही. तो बग आम्ही परत पाठवतो. सुप्रीम कोर्टानेही तेच केलं म्हणा ना.

बंदी उठली. मी पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या तीन-चार दुकानांत विचारून पाहिलं. एकाने मान हलवली, एकाने "कशाला हवंय?" विचारलं आणि एक आजोबा म्हणाले, "कोर्टात सुटलेला माणूस गावात परत येतोच असं नाही." मला वाटतं त्यांना दुसऱ्याच कुणाबद्दल बोलायचं होतं, पण मला ते इथे लागू पडलं.

दुसरा किस्सा दिल्लीचा, आणि हा ऐकून मी ऑफिसात एकटाच हसलो होतो. सलमान रश्दींचं 'द सॅटॅनिक व्हर्सेस'. ५ ऑक्टोबर १९८८ च्या सीमाशुल्क अधिसूचनेने त्याची आयात बंद झाली, असं आपण सगळे मानत आलो. २०१९ मध्ये एका वाचकाने दिल्ली उच्च न्यायालयात अर्ज केला : मला हे पुस्तक बाहेरून मागवायचंय, ती अधिसूचना तेवढी दाखवा. आणि ती कुणाला सापडेना! कुठल्याच खात्याला हजर करता येईना. नोव्हेंबर २०२४ मध्ये कोर्टाने म्हटलं की कागद दाखवता येत नसेल तर तो अस्तित्वात नाही असंच आम्हाला धरून चालावं लागेल. त्याच वर्षअखेरीला दिल्लीतल्या एका दुकानात पुस्तक मांडलं गेलं. ३६ वर्षं एक देश ज्या कागदाला घाबरून होता तो कागद समोर नव्हता.

हसलो खरं, पण मग आठवलं की माझ्या टेबलात तर कागदही नव्हता. ताई निवृत्त झाल्या असत्या, मी ॲप दुसऱ्या कुणाला सोपवलं असतं, तर त्या अकरा पुस्तकांचं काय झालं असतं? पुढच्या माणसाला कळलंही नसतं. वीस वर्षांनी निर्लेखनाच्या वेळी कुणीतरी म्हटलं असतं, ही पुस्तकं इतक्या वर्षांत एकदाही कुणी नेली नाहीत, वाचक नाहीत त्यांना, काढून टाका. आणि आकडेवारीने त्याला दुजोरा दिला असता. माझ्याच आकडेवारीने.

इथे एक प्रश्न तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच हवा. 'बलुतं'बद्दल बोलणं सोपं आहे, ते तुझं आवडतं. न आवडणाऱ्या पुस्तकाचं काय? तर घ्या : गोपाळ गोडसेंचं 'गांधीहत्या आणि मी'. मला त्या पुस्तकाची बाजू अजिबात पटत नाही. ते वाचताना मला मळमळलं. १९६७ मध्ये त्याच्या प्रती जप्त करण्याचा हुकूम निघाला आणि १९६९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. आज ते कुठेही मिळतं. आमच्या वाचनालयातही आहे आणि त्याच्यापुढे 'हो' होतं, अकरांत ते नव्हतं. ते आहे ते बरंच आहे, असं मला म्हणावं लागतं. दात ओठ खाऊन म्हणतो, पण म्हणतो. माझ्या हातात बटण असताना मी ते पुस्तक लपवलं नाही याचं श्रेयही मला घेता येत नाही, मला ते सुचलंच नव्हतं. सुचलं असतं तर? नववीतल्या पोरांच्या हाताला लागू नये, हे सरांचं वाक्य मी त्या पुस्तकाबद्दल सहज बोललो असतो.

मग करायचं काय? सरांचं दुःख खरं, पुस्तक लपवणं चूक. या दोन्हीत अडकून मी बरेच दिवस काढले. वाट सापडली ती महाराष्ट्र शासनाकडे, हे म्हणताना मलाच गंमत वाटते. १९८७ मध्ये शासनाने बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखन आणि भाषणांचा चौथा खंड काढला, त्यात 'रिडल्स इन हिंदुइझम' होतं. राम आणि कृष्णाबद्दलच्या परिशिष्टावरून शिवसेनेने आणि इतरांनी रान उठवलं, ते परिशिष्ट काढा म्हणून. उत्तरादाखल दलित जनता मुंबईत प्रचंड संख्येने रस्त्यावर उतरली. शेवटी मजकूर राहिला आणि सोबत एक टीप आली, की यातल्या मतांशी शासन सहमत नाही. पान फाडलं नाही, वर एक चिठ्ठी जोडली. त्यावेळच्या राजकारणात ही पळवाट असेल. पण मला तर पळवाटच हवी होती.

मी कमिटीला पत्र लिहिलं. म्हटलं, 'दाखवायचे' हा कॉलम मी काढतोय. त्याऐवजी 'आक्षेप' नावाचा भाग देतो. ज्या सभासदाला पुस्तकावर हरकत आहे त्याने आपल्या नावानिशी, तारीख घालून, पान क्रमांकासकट लिहावं. ते पुस्तकाच्या नोंदीखाली सगळ्यांना दिसेल आणि कागदावर छापून पुस्तकाच्या पहिल्या पानाला जोडलंही जाईल. दुसऱ्या कुणाला उत्तर द्यायचं असेल तर त्यानेही तसंच द्यावं.

बैठकीला मी पुण्याहून गेलो. दोन तास चालली. एक जण म्हणाले, "तू सॉफ्टवेअर कर, समाजकारण आम्ही बघतो." एक म्हणाले, "उद्या दगड आला तर काच तू भरणार का?" या दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. भांडारकरची काच कुणी भरली हे मला माहीत आहे का? दगड ताईंवर येणार, मी पुण्यात असणार. मी तसं बोलून दाखवलं. त्यावर ताई, ज्या बैठकीत कधी बोलत नाहीत, त्या म्हणाल्या, "नावानिशी लिहायचं असेल तर तीन-चारच लोक लिहितील. मला त्यांची नावं माहीत आहेत. चालेल मला."

सर बैठकीला होते. शेवटपर्यंत गप्प होते. बाहेर पडताना मी पाया पडलो, तर म्हणाले, "पान नंबर कशाला हवाय तुला?" म्हटलं, "सर, नाहीतर उत्तर देणाऱ्याला कळणार कसं, कुठल्या वाक्याबद्दल ते?" त्यावर काही बोलले नाहीत. गणितात पायऱ्या न लिहिता उत्तर लिहिलं तर ते शून्य मार्क द्यायचे, हे माझ्या तोंडावर आलं होतं, मी गिळलं.

ठराव अर्धा झाला. अकरांपैकी आठ पुस्तकं पुन्हा यादीत आली. तीन अजून लोखंडी कपाटात आहेत, त्यांच्यापुढे आता निदान "समितीच्या विचाराधीन" असं दिसतं, तारखेसह. त्यातलं एक सरांचं. 'बलुतं' बहिणीने नेलं आणि अजून परत केलेलं नाही, दंड चढतोय, तो मीच भरणार असं दिसतंय.

आक्षेपांच्या भागात आजपर्यंत एकच नोंद आली आहे. सरांची. अडीच पानं, शुद्ध, पान क्रमांक आणि ओळ क्रमांकासह. मी ती दोनदा वाचली. दोन मुद्दे मला पटले, एक नाही. उत्तर लिहायला घेतलंय, पण त्यासाठी ते पुस्तक पुन्हा एकदा बघावं लागेल आणि ते कपाटात आहे. पुढच्या शनिवारी गावी जातोय, ताईंकडे रीतसर अर्ज करणार आहे.

तुमच्या गावच्या वाचनालयात असं एखादं कपाट असेल तर कळवा. गावाचं नाव नाही सांगितलं तरी चालेल. चला, पंखा बंद करतो आता. पुढच्या भागात भेटू.